खिडकीतली बाई आणि बाबांची नोट

आमच्या घरात त्या कवयित्रीला नावानं कोणी ओळखत नव्हतं. ती 'खिडकीतली बाई' होती. एकोणिसाव्या शतकातली, अमेरिकेतल्या कुठल्याशा बंदराच्या गावातली, लग्न न केलेली, आणि जिवंतपणी जिच्या चार कवितासुद्धा धड छापून आल्या नाहीत अशी. माझे बाबा अकोल्याच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवायचे आणि ही बाई म्हणजे त्यांचा हुकमी एक्का. एरवी त्यांच्या तासाला मागच्या बाकांवर काय चालायचं ते मी सांगत नाही, पण खिडकीतली बाई लागली की वर्ग चिडीचूप.

बाबांची पद्धत सगळ्यांची होती तीच. पुस्तक उघडायचं नाही, नोट द्यायची. 'लिहा' म्हणायचे आणि सावकाश सांगत जायचे, स्वल्पविरामासकट. त्यांना ती नोट नागपूरला त्यांच्या सरांनी दिली होती, सरांना त्यांच्या सरांनी. नोटेत असं होतं की या बाईचं एका खलाशाशी लग्न ठरलं होतं, तो समुद्रावर गेला तो परत आला नाही, आणि ती जन्मभर माडीवरच्या खिडकीत बसून त्याची वाट बघत राहिली. तिच्या सगळ्या कविता म्हणजे तेच वाट बघणं, आणि शेवटच्या कवितेत तिला मृत्यूची ओढ लागली. इथवर आले की बाबा चष्मा काढून पुसायचे. मुली डोळे टिपायच्या. मीही त्याच कॉलेजात शिकले, त्याच वर्गात बसले आणि खोटं कशाला बोलू, मीही टिपले. परीक्षेत नोट जशीच्या तशी उतरवली आणि चांगले मार्क पडले. मग इंग्रजी सोडून मी मायक्रोबायोलॉजीकडे गेले. खिडकीतली बाई डोक्यात एका कोपऱ्यात पडून राहिली.

आता मी आयर्लंडमध्ये, कासलबारला राहते. एका औषधांच्या प्लांटमध्ये क्वालिटी विभागात काम करते. नवरा, मी आणि सतरा वर्षांची मुलगी. मुलीला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र मेयोच्या, म्हणजे आमच्या इथल्या परगण्याच्या, इंग्रजीत येतं. गेल्या वर्षी आई गेली. बरीच वर्षं ती अंथरुणाला खिळलेली होती, लकवा मारला होता. उन्हाळ्यात बाबांना मी इथे घेऊन आले आणि मनाशी ठरवून टाकलं की आता त्यांना परत पाठवायचं नाही.

याला कारण होतं. बाबा दिवसभर खिडकीत बसायचे. आमच्या पुढच्या खोलीला मोठी काच आहे, बाहेर रस्ता, समोर एक बंगला, त्यामागे गायी. सकाळी चहा झाला की खुर्ची ओढायची आणि बसायचं. वाचन नाही, टीव्ही नाही, फोन नाही. मी कामावर जाताना तिथे, आल्यावर तिथेच. बाबा, फिरायला येता? नको. बाबा, भजन लावू? नको ग. बाबा, काही दुखतंय का? समोरच्या बंगल्यातल्या म्हातारबाई मला फाटकाशी गाठून म्हणाल्या, बिचारा, किती आठवण येत असेल त्यांना तिची. मी मान हलवली. आल्यागेल्याला मी हेच सांगत होते की आई गेल्यापासून बाबांनी हाय खाल्लीय.

तर त्यांना कायमचं ठेवून घ्यायचं म्हणजे इथे कागदांचा डोंगर उभा करावा लागतो. वकील म्हणाली, एकटे राहण्याच्या अवस्थेत नाहीत असं डॉक्टरचं पत्र मिळालं तर अर्जाला जोर येईल. मी लगेच आमच्या डॉक्टरची वेळ घेतली. बाबांना सांगितलं, तर ते एवढंच म्हणाले, 'पाहू.' परतीचं तिकीट ऑक्टोबरचं होतं. ते रद्द करायला मी टपलेलीच होते.

आणि अशात खिडकीतली बाई आमच्या घरी आली. मुलीचं हे शाळेचं शेवटचं वर्ष, मोठी परीक्षा, आणि तिच्या अभ्यासक्रमात नेमकी तीच कवयित्री. तिनं जेवताना नुसतं नाव घेतलं आणि बाबांचा घास हातात राहिला. इतक्या महिन्यांत मी त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आजोबा-नात मिळून लायब्ररीत गेले. तिथल्या ग्रंथपाल बाईंना कळलं की हे गृहस्थ भारतात तीस वर्षं हिच्यावर शिकवत होते. त्यांच्याकडे दर गुरुवारी सकाळी वाचणाऱ्यांचा एक गट जमतो, बहुतेक निवृत्त मंडळी, चहा-बिस्किटं आणि गप्पा. त्यांनी बाबांना आमंत्रण देऊन टाकलं, महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी बोला म्हणून. बाबा हो म्हणून आले. घरी येऊन त्यांनी माझ्या नवऱ्याचा सूट मागून घेतला आणि बाह्या किती लांब होतात ते आरशात बघितलं. मी खूश. म्हटलं, चला, माणूस खुर्चीतून उठला तरी.

मग एका संध्याकाळी सगळं फिसकटलं. बाबा नातीला नोट द्यायला बसले होते. 'लिही,' म्हणाले, आणि सुरू झाले. खलाशी आला, जहाज बुडालं. मुलीनं पेन खाली ठेवलं.

'आजोबा, देअर वॉज नो सेलर.'

बाबांना वाटलं, तिला गोष्ट माहीत नाही. ते पुन्हा सांगायला लागले. ती म्हणाली की तिच्या शाळेतल्या बाईंनी वर्गात पहिल्याच दिवशी सांगितलंय, खलाशाचा कुठेही पुरावा नाही. कवयित्री गेल्यावर तिच्या पुतण्यानं कविता छापल्या, आणि पुस्तक खपावं म्हणून प्रस्तावनेत एक बुडालेला नवरदेव घालून दिला. परीक्षेत ते लिहिलं तर मार्क जातील.

'मग ती खिडकीत काहून बसे?' बाबांनी विचारलं. वर्गात ते पुस्तकी बोलत, पण घरात अकोला सुटत नाही.

मुलीनं खांदे उडवले. म्हणाली, कोणालाच माहीत नाही.

मला मुलीचा असा राग आला. म्हातारा माणूस कधी नव्हे तो हसतोय, बोलतोय, आणि ही पोरगी त्याच्या तोंडचा घास काढून घेतेय. मी तिला स्वयंपाकघरात नेऊन चांगली झापली. ती म्हणाली, मग मी खोटं लिहू का? मी तिला प्रेसमधल्या ताटल्या काढायला सांगितल्या. प्रेस म्हणजे कपाट. इथे सगळे तसंच म्हणतात आणि आता आम्हीही.

मला वाटलं, बाबा आता भाषण रद्द करणार आणि पुन्हा खुर्चीत जाऊन बसणार. झालं भलतंच. ते लायब्ररीतून कवयित्रीच्या चरित्राची तीन जाडजूड पुस्तकं घेऊन आले आणि भिंग लावून वाचायला बसले. खिडकीतच, पण पाठ रस्त्याकडे. अधूनमधून स्वतःशीच बोलायचे. 'अरे बापा,' असं एकदा ऐकू आलं. मी कामावरून आले की मला गाठून सांगायचे. तिच्या गावातून त्या वर्षांत असं कुठलंच जहाज हरवलं नव्हतं. तिनं लिहिलेली इतकी पत्रं सापडली, एकात खलाशाचं नाव नाही. ती पाव भाजायची आणि तो फार वाईट व्हायचा, हे मात्र तिनंच लिहून ठेवलंय. बाबांना याचं फार हसू आलं. तीस वर्षं शिकवलं पण तिचा पाव बिघडायचा हे मला ठाऊक नाही, म्हणाले.

मलाही मग ती बाई कशी होती याचं कुतूहल वाटायला लागलं. रात्री भांडी आवरून झाली की मी विचारायची, आज काय निघालं? आणि बाबा सांगायचे. तिला समुद्र आवडायचा नाही, मासळीच्या वासानं डोकं उठायचं. शेजारणीच्या कोंबड्यांवर तिनं एक अख्खी कविता रचलीय आणि ती भयंकर चावरी आहे. हे असलं काही आमच्या नोटेत नव्हतं. आमच्या नोटेत ती फक्त उसासे टाकत होती.

'बाबा,' मी एकदा म्हटलं, 'तुम्ही आपली जुनी नोटच सांगा त्या लोकांना. छान आहे ती. त्यांना काय कळणार आहे?'

'त्याईले नाही कळणार,' ते म्हणाले, 'पन मले कळलं ना आता.'

एके दिवशी मात्र त्यांनी मला गाठलं नाही. काय वाचलं विचारलं, तर म्हणाले, तिच्या वडिलांना अर्धांगवायू झाला होता. मी म्हटलं, बरं, मग? 'मग काही नाही,' म्हणाले आणि पुस्तक मिटून झोपायला गेले. आईचं आठवलं असेल, असं मी धरून चालले. दुसऱ्या दिवशी फोन करून डॉक्टरची वेळ पक्की आहे ना, ते विचारून घेतलं. ती भाषणानंतरच्या सोमवारची होती.

गुरुवारी मी रजा टाकली आणि बाबांना घेऊन गेले. सुटाच्या बाह्या आत दुमडून टाचल्या होत्या. लायब्ररीच्या मागच्या खोलीत पंधरा-वीस माणसं असतील, स्वेटर घातलेली, हातात कप. मुलगी शाळेचा तास बुडवून आली होती. मी कोपऱ्यात बसले आणि देवाचं नाव घेतलं, कारण बाबांच्या हातात कागद नव्हता.

ते उभे राहिले आणि त्यांच्या त्या अकोल्याच्या, स्वल्पविरामासकटच्या इंग्रजीत म्हणाले की मी तीस वर्षं या बाईबद्दल एक गोष्ट शिकवली आणि ती गोष्ट खोटी आहे. मग त्यांनी ती पूर्ण सांगितली. खलाशी, जहाज, खिडकी, सगळं, आणि इतकं चांगलं सांगितलं की पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी पिशवीतून रुमाल काढला. बाबा थांबले. म्हणाले, पाहिलंत? मलाही असंच व्हायचं. ही गोष्ट कुणालाही सोडवत नाही. एक बाई खिडकीत बसते, तर तिला काहीतरी मोठं दुःख असलंच पाहिजे. तिला कुणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना आधीच माहीत होतं.

मग ते शेवटच्या कवितेकडे वळले. तीच, मृत्यूची ओढवाली. छोटीशी कविता आहे. सकाळ झालेली आहे. ऊन जिन्याच्या पायऱ्या चढत वर येतं. घरात कुणी नाही, खालून हाक येत नाही. बाई पलंगावर पडून आहे आणि म्हणते, आता मला काही नको. बस, एवढीच. पुतण्यानं ती पुस्तकात सगळ्यात शेवटी घातली आणि तेव्हापासून सगळे तिला मरणाची कविता म्हणतात. मीही म्हटलं, बाबा म्हणाले. पण ही कविता तिनं म्हातारपणी लिहिलेलीच नाही. वडील वारले त्याच्या पुढच्या वसंतात लिहिली. त्याआधी कितीतरी वर्षं तिनं त्यांना अंथरुणावर सांभाळलं. रात्री हाक आली की उठायचं, कूस बदलायची, पाणी द्यायचं, चादर बदलायची, पडत नाही तोच पुन्हा हाक. ज्या माणसानं अशी वर्षं काढली, त्याला जिच्यात हाक येत नाही अशी पहिली सकाळ कशी वाटेल, तुम्ही सांगा.

'शी इज नॉट डाइंग,' बाबा म्हणाले. 'शी इज हॅविंग अ लाय-इन.'

लोक मोठ्यानं हसले. लाय-इन म्हणजे सुट्टीच्या दिवशी उशिरापर्यंत लोळत पडणं. हा शब्द बाबांना नातीनं शिकवला असणार. पुढच्या रांगेतल्या रुमालवाल्या बाई तेवढ्या हसल्या नाहीत. नंतर त्या उठून बाबांजवळ आल्या, त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि हळूच काहीतरी म्हणाल्या. बाबांनी नुसती मान हलवली.

मीही हसले नव्हते. मला कळलं होतं ते मला नको होतं.

गाडीत बसल्यावर मी किल्ली लावली नाही. मुलगी शाळेत परत गेली होती. बाबा बाह्यांच्या टाचण्या काढत बसले.

'बाबा, तुम्ही दिवसभर खिडकीत का बसता?' मी विचारलं. इतक्या महिन्यांत हे मी त्यांना पहिल्यांदा विचारत होते. चहा, भजन, फिरणं, सगळं विचारून झालं होतं.

'बरं वाटते,' ते म्हणाले.

'आईची आठवण येते म्हणून नाही?'

'येते ना. रोज येते. पन ते वेगळं.' मग म्हणाले, 'ते डॉक्टरचं पत्र नको घेऊ. मी दुःखात बसून आहो असं त्यात लिहिशील. एक खोटी नोट मी इतकी वर्षं सांगितली. आता तू माह्यावर नको लिहू.'

मी भडकले. आमच्या घराण्यात दुःख झालं की आधी राग येतो. म्हटलं, मी तुमच्यासाठी मरमर मरतेय, वकील झाली, डॉक्टर झाला, आणि तुम्ही मजेत बसला होतात होय? आई गेली त्याचं तुम्हाला काहीच वाटलं नाही का? तिच्यासाठी मी दिवसाची बाई ठेवली होती, गादी पाठवली होती, दरवर्षी येत होते. आणि मी रडायला लागले. पार्किंगमध्ये एक माणूस ट्रॉली ढकलत चालला होता, त्यानं सभ्यपणे दुसरीकडे बघितलं.

बाबांनी मला रडू दिलं. मग टाचण्या कोटाच्या खिशात टाकल्या.

'दिवसाची बाई दिवसा येत होती,' ते म्हणाले. 'रात्री मीच होतो. तुही माय मले रात्रभर हाका मारे. तिचा दोष नव्हता, तिले भेव वाटे. मी कधीच नाही म्हटलं नाही. कराचंच होतं ते.' ते समोरच्या काचेकडे बघत होते. 'ती गेली ना, तवा मले सगळ्यात पयले काय वाटलं सांगू तुले? झोप येऊन राह्यली असं वाटलं. लोकं भेटाले येत अन् मी आतल्या खोलीत झोपून राहो. ते म्हनत, सरनं हाय खाल्ली. मी काय सांगू त्याईले? कोनाले सांगतेत असं?'

मी त्यांच्याकडे बघितलं. तीस वर्षं वर्गात बोलणारा माणूस, आणि एवढी एक गोष्ट सांगायला त्याला परक्या देशातली परकी खोली लागली, तीही दुसऱ्या बाईच्या नावावर.

'अकोल्याले जाऊ दे मले,' बाबा म्हणाले. 'तिथं कोनी दर घडीले चहा इचारत नाही.'

मी फोन काढला आणि दवाखान्याला लावला. सोमवारची वेळ नको, म्हटलं. पलीकडची मुलगी गोड होती, मागच्या वेळी मी तिला बाबांचं सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, अरे वा, म्हणजे आता बरे आहेत का ते?

'आजारी नव्हतेच,' मी म्हटलं. 'दमले होते.'